खडकवासल्याचा काठ

जुलैच्या मध्यावर कधीतरी खडकवासला धरण भरल्याची बातमी येते आणि पुणे शहर दोन गोष्टी एकदम करते. पाणीकपात टळली म्हणून सुस्कारा सोडते आणि पुढच्या रविवारी सहकुटुंब सिंहगड रस्त्याला लागते. भिंतीलगतच्या चौपाटीवर भाजलेल्या कणसांचा धूर, भेळेच्या गाड्या, कांदाभज्यांच्या कढया, पाण्यात पाय सोडून बसलेली माणसे आणि मागे गाड्यांची न हलणारी रांग, असा तो दिवस असतो. सोमवारी त्याच काठावर प्लॅस्टिकच्या पिशव्या, रिकाम्या बाटल्या आणि अर्धवट खाऊन टाकलेली कणसे दिसतात, त्यांचे फोटो छापून येतात आणि जुनी मागणी पुन्हा उठते: पिण्याच्या पाण्यापाशी ही जत्रा हवीच कशाला, कुंपण घाला, टपऱ्या उठवा, माणसांना काठावर फिरकू देऊ नका. मागणी चांगल्या हेतूने केलेली असते यात शंका नाही. तरीही ती चुकीच्या माणसाला पकडते असे मला वाटते. चार घटका पाण्याकडे बघायला आलेल्या माणसापेक्षा पाण्याच्या काठाचा मालक होऊन बसलेला माणूस या पाण्याला कितीतरी जास्त महाग पडतो. पहिल्याला हाकलल्याने दुसऱ्याची सोयच होते. हे म्हणणे नुसत्या भावनेवर उभे करून चालणार नाही, म्हणून ते पाण्याच्या हिशेबातून मांडतो.

खडकवासला हे एकटे धरण नाही. ते एका साखळीतले शेवटचे आहे. सह्याद्रीच्या माथ्यालगत आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव आणि मुठेवर टेमघर अशी तीन धरणे आहेत. या तिन्ही नद्या सांगरुणच्या परिसरात एकत्र येतात आणि खाली खडकवासल्यात उतरतात. पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. टेमघरच्या डोंगरांत तो तीन हजारांच्या वर जातो. शहर जगते ते त्या डोंगरांतल्या पावसावर. चारही धरणांचा मिळून उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी. त्यातला वरसगावचा १२.८२, पानशेतचा १०.६५, टेमघरचा ३.७१ आणि खडकवासल्याचा अवघा १.९७. म्हणजे ज्या धरणाचे नाव पुणेकराच्या तोंडी असते, त्यात साखळीच्या पाण्याचा सात टक्केही भाग मावत नाही. पण वरचे पाणी शहराकडे जाते ते त्यातूनच. वरची तीन म्हणजे कोठारे, आणि खडकवासला म्हणजे ओसरीवर रोजच्या वापरासाठी काढून ठेवलेली धान्याची पाटी. कोठाराची राखण एका रीतीने करावी लागते आणि पाटीची दुसऱ्या, हे शेतकऱ्याच्या घरात कोणाला शिकवावे लागत नाही. धरणांच्या बाबतीत मात्र आपण सगळ्या साखळीला एकच नियम लावू बघतो: एक तर सगळीकडे बंदी, नाहीतर सगळीकडे मोकळे रान.

खडकवासला तलावाचा मूळ हेतू पुण्याला पाणी पाजण्याचा नव्हता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात कर्नल फाइफ यांच्या योजनेतून, १८६९ नंतरच्या दशकभरात हे धरण उभे राहिले ते मुख्यतः दुष्काळी पूर्वभागाला कालव्याने पाणी देण्यासाठी. शहर आणि छावणी यांचा वाटा त्याच पाण्यात बसवला गेला. तलावाला फाइफ यांचेच नाव होते. १९०३ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी इथल्या सांडव्यावर आपली स्वयंचलित दारे बसवली आणि भिंत न वाढवता साठा वाढवून दाखवला. पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा निवडताना डोंगरांच्या सोबत या तलावाचाही विचार झाला, आणि प्रबोधिनीचे छात्र आज कित्येक दशके पीकॉक बेमध्ये शिडाच्या आणि वल्ह्याच्या होड्या चालवायला शिकत आहेत. सिंचन, पिणे, नौकानयन हे तीनही उपयोग या पाण्याच्या अंगवळणी पडलेले आहेत. तेव्हा पाण्यावर माणूस आला की पाणी बाटले, हे सरसकट विधान खडकवासल्याच्या स्वतःच्या इतिहासात टिकत नाही. शिस्तीतली वल्ह्याची होडी या पाण्याने पिढ्यानपिढ्या सोसली आहे. या पाण्याने न सोसलेली गोष्ट निराळीच होती. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचे मातीचे धरण पहिल्याच भरणीत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याची जुनी भिंतही नेली, पुणे बुडाले, आणि पूर ओसरल्यावर पाण्यात बुडालेल्या त्याच शहराच्या घशाला कोरड पडली, कारण ज्या तलावातून पाणी यायचे तो रिकामा झाला होता. शेवटच्या पाटीवर सगळे शहर अवलंबून असणे म्हणजे काय, याचा धडा त्याहून स्पष्ट मिळू शकत नव्हता.

आता वेळेचा हिशेब बघू. खडकवासल्याचे १.९७ टीएमसी म्हणजे सुमारे छप्पन्न हजार दशलक्ष लिटर. शहराचा उपसा ढोबळ मानाने दिवसाला दीड हजार दशलक्ष लिटर धरला, तर भरलेले धरण वरून भर न घालता पाच आठवडे पुरेल, आणि कालव्याला आवर्तन सोडलेले असेल तर त्याहूनही कमी. याचा अर्थ असा, की खडकवासल्यात आज जे पडते ते थोड्याच दिवसांत शुद्धीकरण केंद्राच्या दारात उभे असते. उलट पानशेतच्या किंवा वरसगावच्या वरच्या टोकाला जे पडते, त्याला खाली येण्याआधी महिनोन् महिने मिळतात. तेवढ्या काळात गाळ बसतो, ऊन लागते, माणसाच्या आतड्यात वाढणारे बहुतेक जंतू उघड्या पाण्यात टिकाव न धरता मरतात. अंतर आणि काळ हे पाण्याचे सगळ्यात जुने, फुकटचे शुद्धीकरण आहे, आणि खडकवासल्यापाशी आपल्याजवळ नेमके तेच शिल्लक राहत नाही. म्हणून तिथे पोहायला, कपडे आणि जनावरे धुवायला, मूर्ती आणि निर्माल्य सोडायला पूर्ण मनाई असावी, हे मला पटते. ती मनाई कडक असावी आणि तिला सणावाराची सूट नसावी. पण काठावर बसणे, चालणे, पाण्याकडे बघत चहा पिणे हे या मनाईत बसत नाही. अंग बुडवणे आणि डोळे निववणे यांत पाण्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि सगळी गल्लत हा फरक न केल्याने होते.

यावर शहरातला सुशिक्षित माणूस म्हणतो की एवढे कशाला, पर्वतीला शुद्धीकरण केंद्र आहे, खडकवासल्यापासून तिथवर बंद जलवाहिनी आहे, क्लोरिन आहे, पोहली माणसे तर काय बिघडले. हा विश्वास मला धोक्याचा वाटतो. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी शुद्धीकरण केंद्राच्या गाळण्यांतून निसटला आणि सुमारे चार लाख माणसे आजारी पडली. या परजीवीला क्लोरिन सहजासहजी मारू शकत नाही. ज्या शहरात केंद्र होते, पैसा होता, प्रशिक्षित माणसे होती, तिथली ही गोष्ट आहे. आपल्याकडे तर धरणाच्या पायथ्याशी असलेल्या, नुकत्याच महापालिकेत आलेल्या गावांपर्यंत पूर्ण शुद्धीकरण पोहोचलेलेच नव्हते. विहिरीत घेतलेल्या पाण्यात क्लोरिन टाकून ते पुढे सोडले जात होते. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी आणि सिंहगड रस्ता या पट्ट्यात गिलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि दूषित पाण्याचा संशय बळावला. त्या साथीचा दोष मी चौपाटीवरच्या गर्दीवर टाकत नाही. सांगायचे ते एवढेच, की मूळ पाणी जितके स्वच्छ, तितकी पुढच्या प्रत्येक टप्प्यावरच्या चुकीची किंमत कमी. शुद्धीकरण केंद्र हा शेवटचा पहारेकरी आहे आणि वेशीवर कोणीच नाही म्हणून सगळा भार त्याच्यावर टाकणे शहाणपणाचे नाही.

पाण्याचा धोका वर्षभर सारखा नसतो, हेही या वादात कोणी बोलत नाही. सह्याद्रीतले धरण चार महिने घेते आणि आठ महिने देते. गर्दीचा हंगाम पावसाळ्याचा, म्हणजे नेमका असा काळ जेव्हा वरून लोंढे येत असतात, सांडव्यावरून पाणी मुठेत जात असते आणि तलावातले पाणी पुन्हा पुन्हा बदलत असते. तेव्हा काठावर बसलेल्या हजारो माणसांचा पाण्याच्या गुणवत्तेवर होणारा परिणाम, कचरा उचलला तर, फारच थोडा असतो. एप्रिल-मे महिन्यांचे चित्र वेगळे. पाणी खाली गेलेले, उथळ, तापलेले, हालचाल मंद. त्या दिवसांत चौपाटीला रविवारची जत्रा नसते, पण उकाड्याने जीव नकोसा झालेली पोरे फुगवट्यात डुंबायला उतरतात, आणि पाणी मागे सरून उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत पिके उभी असतात, त्यांना खते आणि औषधे दिलेली असतात. म्हणजे बंदीची आरडाओरड जुलैत होते आणि काळजीची खरी गरज मे महिन्यात असते. नियम कॅलेंडर बघून करायचा ठरवला तर पावसाळ्यातल्या बघ्यांना आपण निर्धास्तपणे येऊ देऊ शकतो आणि उन्हाळ्यात पाण्यात उतरण्यावर आजच्या दुपटीने पहारा ठेवू शकतो.

मग या पाण्याला कायमचे नुकसान कशाने होते? काठावरच्या पक्क्या बांधकामाने. रविवारचा माणूस तीन तास बसतो आणि दिवे लागायच्या आत घरी जातो. त्याने टाकलेली पिशवी दिसते, तिचा फोटो निघतो, ती उचलताही येते. गोऱ्हे, खानापूर, मालखेड, डोणजे या बाजूंनी उभी राहिलेली हॉटेले, फार्महाउसे, लग्नाची लॉन्स आणि विकायला काढलेले प्लॉट बाराही महिने तिथेच असतात. त्यांचे मैलापाणी शोषखड्ड्यात जाते असे कागदावर म्हटलेले असते. मुरूम आणि भेगाळलेला कातळ असलेल्या उतारावर शोषखड्ड्यातले पाणी शेवटी कुठे जाणार, याला फार विचार लागत नाही. खाली धरणच आहे. दुसरे नुकसान त्याहून जास्त टिकाऊ. डोंगराची कड कापून रस्ता काढला, सपाट जागेसाठी उतार फोडला, झाडोरा काढला, की पहिल्या दोन पावसांत ती लाल माती ओढ्यातून धरणात जाते आणि तिथेच बसते. कचरा काढता येतो, जंतू मरतात, पण गाळाने खाल्लेला साठा परत मिळवणे जवळजवळ अशक्य आणि भयंकर खर्चाचे असते. ज्या धरणात जेमतेम दोन टीएमसी मावते, तिथे गाळाचा प्रत्येक थर म्हणजे शहराच्या पाच आठवड्यांतून कमी झालेले काही तास आहेत.

काठ विकला जाण्याचे सगळ्यात मोठे उदाहरण साखळीच्या सगळ्यात मोठ्या धरणावर घडले. वरसगावच्या पाणलोटात, मुळशी तालुक्यातल्या डोंगरांत लवासा नावाचे खासगी शहर वसवायला घेतले गेले. धरणासाठी म्हणून सरकारने घेतलेल्या जमिनीपैकी काही जमीन कृष्णा खोरे विकास महामंडळाने त्या प्रकल्पाला भाडेपट्ट्याने दिली आणि पाणी अडवायला बंधाऱ्यांची परवानगीही दिली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोटीस बजावली, वर्षभराने अटी घालून मंजुरी मिळाली, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या सगळ्या प्रकरणातली एकच गोष्ट मला इथे महत्त्वाची वाटते. सार्वजनिक कामासाठी गावे उठवून मिळवलेल्या पाण्याचा देखावा तिथे विकायचा माल झाला. डोंगर कापले गेले ते पाण्यासाठी नव्हे, पाणी दिसावे म्हणून. चौपाटीवरचा भेळवाला पाण्याचा देखावा विकत नाही. तो देखावा सगळ्यांचा राहतो, आणि त्याला रविवारी हुसकून लावले तर सोमवारी ती जागा रिकामी राहील अशी हमी कोणीच देत नाही. राज्याच्या जलसंपदा विभागाने अलीकडच्या वर्षांत धरणांलगतच्या मोकळ्या जागा खासगी भागीदारीतून पर्यटनासाठी देण्याचे धोरण आणले आहे. त्यातून विश्रामगृहांची डागडुजी होईल, काही जागा स्वच्छही होतील. पण एकदा फाटक लागून तिकीट आणि खोलीभाडे सुरू झाले की काठ पुन्हा सर्वांचा होत नाही, आणि खोली म्हटली की तिच्यामागे मैलापाणी आलेच.

हाच पेच दुसरीकडे कसा सोडवला गेला, ते बघण्यासारखे आहे. सॅन फ्रान्सिस्कोला पाणी देणारे हेच-हेची धरण योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात आहे. १९१३ च्या रेकर कायद्याने ते बांधायला मुभा मिळाली. त्या पाण्यात पोहायला आणि होडी घालायला मनाई आहे, पण भिंतीवरून आणि काठच्या पायवाटांवरून कोणीही चालावे. आणि काठावर हॉटेलांची रांग उभी राहणे त्या जागेत संभवतच नाही. न्यूयॉर्कने याहून शिकण्यासारखा मार्ग काढला. त्या शहराचे बहुतेक पाणी कॅट्सकिल डोंगरांतल्या आणि डेलावेअर खोऱ्यातल्या जलाशयांतून येते. १९९७ मध्ये शहराने वरच्या गावांशी करार केला. शहर तिथली जमीन राजीखुशीने विकणाऱ्यांकडून घेते, गावांच्या मैलापाण्याच्या सोयींना पैसे देते, शेणखताचा निचरा नीट व्हावा म्हणून शेतकऱ्यांना मदत करते. आणि घेतलेल्या जमिनीचा बराच भाग चालायला, मासे धरायला लोकांना उघडा ठेवते. जलाशयात परवाना काढून आणि आधी वाफेने धुऊन घेतलेली वल्ह्याची होडी चालते, काही जलाशयांत हंगामापुरती छोटी नाव चालते, पोहणे मात्र कुठेच चालत नाही. आपली परिस्थिती तशीच नाही, हे मान्य. आपल्या पावसात पाणी इतके गढूळ येते की गाळल्याशिवाय ते प्यायचा विचारही करता येणार नाही, आणि आपल्या खोऱ्यांत माणसांची दाटी कितीतरी जास्त. तरी मूळ विचार आपल्याला लागू पडतो. त्या शहराने बघणाऱ्यांना बाहेर ठेवण्यावर पैसा घातला नाही, उतारांवर आणि गटारांवर घातला.

लोकांना काठावर येऊ देण्याने पाण्याचे रक्षणच होते, असेही माझे म्हणणे आहे, आणि ते फक्त सद्भावनेचे नाही. नळ सोडला की येणारे पाणी कुठून आले हे ज्या शहरात निम्म्या लोकांना सांगता येत नाही, तिथे धरणाकाठच्या एखाद्या उताराचे काय झाले याची चौकशी कोण करणार? उलट ज्यांनी तो उतार दरवर्षी पाहिलेला असतो, त्यांना तो खणलेला दिसतो. खडकवासल्यातला गाळ काढण्याचे आणि काठावर झाडे लावण्याचे काम निवृत्त कर्नल सुरेश पाटील यांच्या ग्रीन थंब संस्थेने हाती घेतले आणि त्यात नागरिक उतरले. लोकांनी या धरणाकडे फक्त नकाशातला निळा ठिपका म्हणून पाहिले असते, तर हे घडले नसते. कुंपणाआड गेलेल्या पाण्याला साक्षीदार राहत नाहीत. कुंपणाच्या आत कोण आहे, तो काय बांधतो, त्याचे गटार कुठे जाते, हे विचारायला बाहेर कोणी उरत नाही. गर्दी अडचणीची असते, घाण करते, वाहतूक कोंडते, पण ती शेकडो डोळ्यांची असते, आणि पाण्याला तेच डोळे हवे आहेत.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. तो पुणेकरांचा नाही, तो काठच्या गावांचा आहे. ते म्हणतात: आमची खोरी बुडवून तुम्ही पाणी नेले. आंबी आणि मोसे खोऱ्यांतली भातखाचरे, देवळे, वाडे पाण्याखाली गेले. ज्या बाजी पासलकरांचे नाव वरसगावच्या जलाशयाला दिले, त्यांच्या मोसे खोऱ्याचा गाभाच त्या जलाशयात गेला. कितीजणांना दौंडकडच्या अनोळखी रानात जमिनी घ्याव्या लागल्या, कितीजण उरलेल्या कातळावर राहिले. आज त्या कातळाला भाव आला आहे, एखादा प्लॉट विकून पोराचे लग्न होते, चार खोल्या बांधून पर्यटक ठेवले तर घर चालते, आणि नेमके तेव्हाच शहरातून उपदेश येतो की बांधू नका, पाणी घाण होईल. या बोलण्यात मला खोट दिसत नाही. बांधकामाला मर्यादा घाला असे म्हणताना तिची किंमत कोण भरणार हे त्याच दमात सांगितले नाही, तर धरणग्रस्ताकडून दुसऱ्यांदा त्याग मागितल्यासारखे होते. पण जमिनीच्या व्यवहारांकडे नीट पाहिले तर दिसते, की उतार विकून मिळालेला पैसा गावाकडे एकदाच येतो आणि त्यानंतरचे सगळे उत्पन्न बाहेरच्या मालकाकडे जाते. गावच्या बाईला तिथे भांडी घासायचे काम मिळते. याउलट दिवसाचा पाहुणा गावाला दर आठवड्याला काहीतरी देतो. पिठलं-भाकरी, भजी, कणसे, ताक, जांभळे-करवंदे, वल्ह्याच्या होडीची फेरी, गडावर नेणारा वाटाड्या, हे सगळे गावकऱ्यांच्याच हातातले धंदे आहेत, त्यांना भांडवल थोडे लागते आणि त्यांच्यासाठी डोंगर फोडावा लागत नाही. दिवसाच्या पाहुण्याला बंदी आणि मुक्कामाच्या रिसॉर्टला परवानगी, हा आजचा प्रत्यक्षातला क्रम गावाच्या पोटावर आणि शहराच्या पाण्यावर एकाच वेळी येतो. तो उलटा केला तर दोघांचेही भले आहे, आणि म्हणून गाव आणि शहर या प्रश्नात एकमेकांचे वैरी आहेत हे मला मान्य नाही. काठाशी टपरी लावायचा परवाना, वाहनतळाचे शुल्क, होडीचा हक्क हे सगळे आधी बुडीत गावांतल्या कुटुंबांना मिळाले पाहिजेत, बोली लावून सर्वांत जास्त पैसे देणाऱ्या ठेकेदाराला नव्हे.

बुडण्याच्या घटनांचा आक्षेपही गंभीर आहे. जवळजवळ दर उन्हाळ्यात या फुगवट्यात कोवळ्या वयाची मुले जातात. धरणाचा काठ नदीच्या घाटासारखा नसतो. तळाशी जुनी खाचरे, बांध, खाणींचे खड्डे असतात, गाळात पाय रुततो आणि दोन पावलांवर पाणी डोक्याबाहेर जाते. पण ही मुले उघड्या, गजबजलेल्या चौपाटीवर क्वचितच बुडतात. ती जातात ती आडबाजूला, जिथे पाटी नाही, दोर नाही, पोहणारे माणूस हाकेच्या अंतरावर नाही. बंदीने माणूस पाण्यापासून दूर जात नाही, तो अशा आडबाजूला जातो. मोजक्या जागा उघड्या ठेवून तिथे गावचेच पट्टीचे पोहणारे पगारावर नेमणे आणि बाकीचा काठ झाडीने, दगडी बांधाने दुर्गम करणे हा उपाय पोलिसांच्या शिट्टीपेक्षा जास्त जीव वाचवील.

आणि कालव्याच्या शेपटाला बसलेला इंदापूरचा शेतकरी? त्याला ही सारी चर्चा चैनीची वाटेल. सुमारे दोनशे किलोमीटरच्या कालव्यावर आपल्या आवर्तनाची वाट बघताना कोणी होड्यांबद्दल बोलू लागले तर राग येणे साहजिक आहे. राज्याच्या जलनीतीत पिण्याचे पाणी सर्वांत वर आणि करमणूक पार खालच्या पायरीवर ठेवली आहे, ते योग्यच आहे. पण पाण्याकडे बघण्याने आणि वल्हे मारण्याने एक थेंब खर्च होत नाही. करमणुकीचा भांडणाशी संबंध येतो तो फक्त पातळी टिकवण्याची मागणी झाली तर, आणि ती मागणी काठचे बंगलेवाले आणि तरंगती हॉटेले करतात, कारण मे महिन्यात त्यांच्या खिडकीतून भेगाळलेला चिखल दिसतो. दिवसाच्या पाहुण्याला धरण उतरलेले दिसले तर काही बिघडत नाही. उलट पाणी कुठवर गेले हे त्याला डोळ्यांनी दिसावे. प्रत्येक उघड्या जागी पातळीचा खांब उभा करून त्यावर आजचा साठा, शहराचा उपसा आणि कालव्याचे आवर्तन लिहिले, तर इंदापूरच्या शेतकऱ्याची बाजू पुण्याच्या माणसाला पहिल्यांदाच नजरेसमोर दिसेल.

या सगळ्याची अंमलबजावणी अडते ती अधिकारांच्या गुंत्यात. धरण जलसंपदा विभागाचे, बांधकामाची परवानगी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (पीएमआरडीए), गावचे गटार ग्रामपंचायतीचे, पाणी पिणारे महापालिकेचे. पाण्याचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक जे, म्हणजे पुणे शहर, त्याचा खोऱ्यातल्या एकाही उतारावर हक्क नाही आणि म्हणून त्याला तिथल्या गटारावर खर्च करायची सक्तीही नाही. बदल इथून सुरू व्हावा. पुणेकराच्या पाणीपट्टीतला ठरावीक हिस्सा दरवर्षी धरणांच्या वर खर्च झाला पाहिजे: काठच्या गावांच्या मैलापाण्यावर, उतारावरच्या झाडोऱ्यावर, उघड्या ठेवलेल्या जागांवरच्या स्वच्छतागृहांवर. त्या स्वच्छतागृहांचे मैलापाणी शोषखड्ड्यात न सोडता टँकरने खोऱ्याबाहेर नेले पाहिजे. त्या बदल्यात पाण्याच्या कडेपासून ठरवलेल्या अंतरात नवे पक्के बांधकाम थांबावे, आणि जिथे कुंपण घालून सरकारी जमीन दाबली आहे तिथे ते निघावे. या खर्चाचा जमाखर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकात वेगळ्या शीर्षाखाली छापला जावा, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी गोऱ्ह्याच्या, खानापूरच्या आणि पानशेतच्या ग्रामसभांत महापालिकेच्या अधिकाऱ्याने स्वतः उभे राहून तो वाचून दाखवावा.